पोथीतले पाहुणे

जुन्या ग्रंथातले एखादे वचन समोर आले की त्याला दोन प्रश्न विचारता येतात. हे वचन खरे आहे काय, हा एक. आणि हे वचन मूळचे आहे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ज्याचे त्याने शोधायचे असते. दुसऱ्याचे उत्तर हस्तलिखिते देतात. पण हे दोन प्रश्न इतके शेजारी शेजारी राहतात, की एकाचे उत्तर दुसऱ्याच्या खात्यावर केव्हा जमा झाले ते आपल्याला कळतही नाही. वचन आवडले की ते मूळचेच असले पाहिजे असे मन म्हणू लागते. आणि ते मूळचे नाही असे कोणी सांगितले, तर घरातल्या माणसाला कोणी परके म्हटल्यासारखा राग येतो. ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या अभ्यासकांना गेली चार-पाचशे वर्षे या दोन प्रश्नांची गाठ सोडवीत बसावे लागले आहे. त्या खटाटोपाची हकीकत मोठी उद्बोधक आहे, आणि ख्रिस्ती नसलेल्या वाचकानेही आपली म्हणून ऐकावी अशी आहे.

नव्या करारात योहानाचे शुभवर्तमान आहे. त्याच्या आठव्या अध्यायाच्या आरंभी एक गोष्ट येते. व्यभिचार करताना सापडलेल्या एका स्त्रीला शास्त्री आणि परूशी मंदिरात येशूपुढे आणून उभी करतात. (तिच्याबरोबरचा पुरुष कुठे गेला, हे कोणीही विचारीत नाही.) मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे असल्या बाईला दगडांनी ठेचून मारले पाहिजे, आपले काय म्हणणे, असा त्यांचा सवाल असतो. पेच उघड आहे: मारा म्हणावे तर दया गेली, सोडा म्हणावे तर शास्त्र मोडले. येशू काही बोलत नाही. खाली वाकून तो बोटाने जमिनीवर लिहू लागतो. ते पिच्छा सोडीत नाहीत तेव्हा पहिला धोंडा टाकण्याचा अधिकार तो त्यांच्यातल्या निष्पाप माणसाला देऊन टाकतो, आणि पुन्हा लिहू लागतो. मग वयोवृद्धांपासून आरंभ होऊन एकेक जण काढता पाय घेतो. उरतात ती स्त्री आणि येशू. तोही तिला शिक्षा सांगत नाही; पुन्हा असे करू नकोस, एवढे म्हणून तिला जाऊ देतो.

अवघी बारा वचने. बायबल कधी हाती न धरलेल्या माणसालाही हा प्रसंग ठाऊक असतो. ख्रिस्ताच्या करुणेचे उदाहरण द्यायचे झाले तर बहुतेकांना आधी हाच आठवेल. आणि नेमकी हीच बारा वचने योहानाच्या मूळ ग्रंथात नव्हती, असे आज बहुतेक सर्व अभ्यासक मानतात.

त्यांचा आधार भक्कम आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पपायरसवर लिहिलेल्या दोन फार जुन्या प्रती उपलब्ध आहेत. अभ्यासकांनी त्यांचा काळ परंपरेने इसवी सन २०० च्या आसपासचा किंवा तिसऱ्या शतकातला ठरविला आहे. त्या दोन्हींत ही गोष्ट नाही. चौथ्या शतकातल्या दोन थोर चर्मपत्री प्रती, एक सिनाई पर्वतावरच्या मठात सापडलेली आणि दुसरी व्हॅटिकनच्या ग्रंथालयातली, त्यांतही ती नाही. सातव्या अध्यायाच्या शेवटाहून मजकूर सरळ आठव्याच्या बाराव्या वचनावर येतो, आणि मध्ये काही गळल्याची खूण दिसत नाही. गोष्ट असलेली सर्वांत जुनी ग्रीक प्रत पाचव्या शतकाच्या सुमाराची आहे. ती केंब्रिजला जतन केलेली आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस योहान क्रिसोस्तोम या प्रख्यात वक्त्याने या शुभवर्तमानावर ओळीने प्रवचने केली. पण या प्रसंगावर तो एक अक्षर बोलत नाही.

शिवाय ही गोष्ट एका जागी स्वस्थ बसलेली नाही. काही प्रतींत ती योहानाच्या अगदी अखेरीस परिशिष्टासारखी जोडलेली आहे, तर काहींत चक्क लूकच्या शुभवर्तमानात, एकविसाव्या अध्यायानंतर, जाऊन बसली आहे. कित्येक लेखनिकांनी तिच्या कडेला संशयाच्या खुणा करून ठेवल्या आहेत. घरचे माणूस ठरल्या जागी झोपते. पाहुण्याचे अंथरूण आज ओटीवर तर उद्या माजघरात. पोथीत उशिरा आलेल्या मजकुराचेही तसेच असते.

मग ही गोष्ट कोणी रचून घुसडली काय? तसेही म्हणवत नाही. पापियस नावाचा दुसऱ्या शतकातला एक लेखक प्रभूपुढे दोषारोप झालेल्या एका स्त्रीची कथा सांगत असे, अशी नोंद इतिहासकार युसेबियसने केली आहे. तिसऱ्या शतकातल्या एका धर्मशिक्षणाच्या ग्रंथात अशाच प्रसंगाचा दाखला येतो. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४१ साली, कैरोजवळच्या तुरा येथील जुन्या खाणी दारूगोळा ठेवण्यासाठी साफ करीत असता पपायरसचे गठ्ठे निघाले. त्यांत चौथ्या शतकातल्या आंधळ्या दिदिमसचे भाष्य होते, आणि काही शुभवर्तमानांत अशी कथा आढळते असे तो त्यात सांगून गेला आहे. म्हणजे गोष्ट जुनी आहे. लोकांच्या तोंडी ती फिरत होती. कोणाला तरी वाटले, इतकी मोलाची गोष्ट पोथीबाहेर राहू नये. आणि तिला योहानाच्या घरी जागा मिळाली.

पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीनने मात्र उलटा तर्क केला. त्याच्या मते गोष्ट मूळचीच. पण आपल्या बायकांना पाप करायला मोकळीक मिळेल या धास्तीने काही दुबळ्या श्रद्धेच्या पुरुषांनी ती आपल्या प्रतींतून काढून टाकली. पुरुषांचा स्वभाव पाहता हा तर्क अगदीच अशक्य म्हणता येणार नाही! पण प्रतींचा पुरावा त्याला साथ देत नाही. निरनिराळ्या देशांतल्या, एकमेकांना कधी न पाहिलेल्या नवऱ्यांनी तेवढीच बारा वचने नेमकी खरवडली, असे मानावे लागेल.

छापखान्यापूर्वीच्या जगात ग्रंथ कसा जगत असे हे ध्यानात घेतले तर या प्रकाराचे नवल वाटत नाही. प्रत्येक प्रत हाताने उतरायची. डोळा एका ओळीवरून तशाच दुसऱ्या ओळीवर घसरला की मधला मजकूर गळतो. कोणी विचारी वाचक समासात स्पष्टीकरणाची टीप लिहून ठेवतो. पुढचा लेखनिक ती टीप म्हणजे गळलेला मजकूर समजतो आणि भक्तिभावाने आत घेतो. यात लबाडी नसते. पोथीतले काही हरवू नये या काळजीपोटीच पोथीत भर पडते.

जॉन मिल या ऑक्सफर्डच्या पंडिताने तीस वर्षे खपून १७०७ साली ग्रीक नव्या कराराची आवृत्ती काढली. सुमारे शंभर हस्तलिखिते ताडून पाहून त्याने तीसेक हजार पाठभेद नोंदविले होते. ग्रंथ बाहेर पडल्यावर दोन आठवड्यांत तो वारला. वादळ पाहायला राहिला नाही. श्रद्धाळू म्हणाले, याने धर्माचा पाया उकरला. नास्तिक म्हणाले, बरे झाले, आता या ग्रंथावर कोण विश्वास ठेवणार? रिचर्ड बेंटलीने १७१३ साली दोघांनाही एकच उत्तर दिले: पाठभेद मिलने निर्माण केले नाहीत, ते होतेच, त्याने फक्त दाखविले. एकच प्रत शिल्लक असती तर पाठभेद एकही नसता, आणि तिच्यातली चूक सुधारण्याचा मार्गही नसता. साक्षीदार वाढले की जबान्यांतली विसंगती वाढते, पण खऱ्यापर्यंत पोहोचण्याची शक्यताही वाढते. आज ग्रीक हस्तलिखितांची संख्या पाच हजारांवर गेली आहे, आणि बेंटलीचे उत्तर अजून शिळे झालेले नाही.

या स्त्रीच्या गोष्टीत निदान कोणाचे नुकसान नव्हते. योहानाच्या पहिल्या पत्रातल्या एका वाक्याची कथा निराळी आहे. तिथे पाचव्या अध्यायात आत्मा, पाणी आणि रक्त या तीन साक्षींचा उल्लेख आहे. त्याला लागूनच लॅटिन बायबलात स्वर्गातल्या तीन साक्षींचे एक वाक्य येत असे: पिता, शब्द आणि पवित्र आत्मा, आणि हे तिघे एकच आहेत. त्रैक्याचा सिद्धान्त इतक्या उघड शब्दांत बायबलात दुसरीकडे कुठेही नाही. इरॅस्मसने १५१६ साली बाझल येथे ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला तेव्हा हे वाक्य त्याने घेतले नाही, कारण त्याला मिळालेल्या एकाही ग्रीक प्रतीत ते नव्हते. १५१९ च्या आवृत्तीतही घेतले नाही. पाखंडाला खतपाणी घालतो म्हणून त्याच्यावर गहजब झाला. मग एक ग्रीक प्रत पुढे आली. ती फार जुनी नव्हती, आणि आज डब्लिनला आहे. १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत इरॅस्मसने ते वाक्य घातले, पण त्या प्रतीविषयीचा आपला संशय लपवून ठेवला नाही. तेथून ते १६११ च्या इंग्रजी बायबलात गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या पाठ झाले.

आयझॅक न्यूटनने १६९० साली जॉन लॉकला लिहून पाठविलेल्या एका प्रदीर्घ प्रबंधात हे वाक्य मागाहून आलेले आहे असे प्रतिपादन केले. हयातीत मात्र त्याने ते छापू दिले नाही. ते १७५४ साली प्रसिद्ध झाले. न्यूटनला त्रैक्याचा सिद्धान्त मान्य नव्हता, तेव्हा वाक्य खोटे ठरण्यात त्याला समाधान होतेच. पण मनातला हेतू एक आणि मांडलेला पुरावा दुसरा. न्यूटनचा हेतू बाजूला ठेवला तरी वाक्य जुन्या ग्रीक प्रतींत सापडत नाही ते नाहीच. रोमच्या धर्मपीठाने १८९७ साली या वाक्याच्या अस्सलपणाविषयी शंका घेणे निर्धोक नाही असा निर्णय दिला. तीस वर्षांनी, १९२७ साली, पुरावा तोलून विरुद्ध मत बाळगण्यास अभ्यासकांना मोकळीक असल्याचे स्पष्ट केले. आणि १९७९ च्या अधिकृत लॅटिन बायबलातून ते वाक्य गाळले. त्रैक्यावरची श्रद्धा त्यामुळे बुडाली नाही. ती त्या एका वाक्याच्या खांबावर उभी नव्हती. खोटा खांब काढला तेव्हा एवढेच कळले.

या प्रकरणाला एक गमतीची पुरवणी आहे. इरॅस्मसने विरोधकांना वचन दिले होते, की एक तरी ग्रीक प्रत दाखवा म्हणजे मी वाक्य घालीन, आणि मग मुद्दाम तशी प्रत तयार करण्यात आली, अशी एक चटकदार हकीकत विद्वानांच्या पुस्तकांतून वर्षानुवर्षे छापली जात होती. दे योंगे या डच पंडिताने १९८० साली दाखवून दिले, की असे वचन दिल्याला इरॅस्मसच्या लिखाणात आधारच नाही. क्षेपके हुडकणाऱ्यांच्या पोथीतही एक क्षेपक शिरले होते! गोष्ट चांगली होती, म्हणून कोणी तपासली नाही.

असल्या गोष्टी पंडितांनी पंडितांशी भांडाव्यात, संसारी माणसाला त्यांचे काय, असे कोणी म्हणेल. त्याने मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट पाहावा. सिनाईच्या आणि व्हॅटिकनच्या प्रतींत मार्क सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी थांबतो: रिकामी कबर पाहून आलेल्या बायका भ्यालेल्या आहेत आणि कोणाला काही सांगत नाहीत. हा शेवट पुष्कळांना अपुरा वाटला असावा. पुढची बारा वचने मागाहून जोडलेली आहेत असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. त्यांत एक आश्वासन आहे, की श्रद्धावान माणसे साप हाती धरतील आणि प्राणघातक विष प्याली तरी त्यांना बाधणार नाही. अमेरिकेतल्या टेनेसीच्या डोंगराळ भागात १९१० च्या सुमारास जॉर्ज हेन्सली नावाच्या प्रचारकाने हे वचन शब्दशः घेतले, आणि भर प्रार्थनेत विषारी साप हाती धरण्याची प्रथा पडली. अनेकांना तिच्यापायी जीव गमवावा लागला. हेन्सली स्वतः १९५५ साली फ्लोरिडात सर्पदंशानेच मेला. त्याला हस्तलिखितांची माहिती सांगून तो थांबला असता असे मी म्हणत नाही. पण जो धर्मोपदेशक ही माहिती असून सांगत नाही, तो साप हाती देणाऱ्यांपासून किती लांब उभा आहे?

येथवर आपण मूळची नसलेली वचने पाहिली. मनाची खरी परीक्षा पुढेच आहे. पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात, चौदाव्या अध्यायात, स्त्रियांनी मंडळीत गप्प बसावे, काही विचारायचे असेल तर घरी नवऱ्याला विचारावे, अशी दोन वचने आहेत. तीही क्षेपक असावीत असे काही अभ्यासक म्हणतात. त्यांची कारणे पोकळ नाहीत. काही प्रतींत ही वचने अध्यायाच्या अखेरीस गेलेली आहेत. म्हणजे याही पाहुण्याचे अंथरूण हललेले आहे. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात स्त्रिया प्रार्थना करतात, संदेश देतात, हे पौल गृहीत धरतो. पण अडचण अशी, की ही वचने मुळीच नाहीत अशी एकही प्रत सापडलेली नाही. त्या स्त्रीच्या गोष्टीविरुद्ध जेवढा पुरावा आहे, त्याच्या मानाने या वचनांविरुद्धचा पुरावा पुष्कळच लंगडा आहे.

आता आपल्या मनाचा कल तपासावा. क्षमेची गोष्ट मूळची ठरावी आणि गप्प बसण्याची आज्ञा खोटी ठरावी, असे आपल्याला वाटते. पुरावा मात्र नेमका उलट बाजूला झुकतो. ज्याचा तराजू अशा वेळीही हलत नाही, त्यालाच प्रामाणिक म्हणावे. आवडत्या वचनाला एक माप आणि नावडत्याला दुसरे, हे वाण्याच्या दुकानात चालत नाही. ते देवळात आणि ग्रंथालयात तरी का चालावे?

याहून खोल एक गोष्ट आहे. पौलाने तसे लिहिलेच नाही, असे म्हणून सुटका करून घेण्यात एक प्रकारची पळवाट असते. समजा उद्या पहिल्या शतकातली प्रत सापडली आणि तिच्यात ही आज्ञा सुवाच्य अक्षरात निघाली. मग काय स्त्रियांचे तोंड बंद करणे न्याय्य ठरेल? पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अवघे बायबल सोप्या मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले. स्त्रियांनी गप्प बसावे हे वाक्यही त्या कामात त्यांच्या लेखणीखालून गेले असणार, आणि त्या तर १८८९ सालच्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून गेलेल्या. वाक्य कागदावर राहिले आणि बाई बोलत राहिल्या. जे अन्याय्य आहे ते अन्याय्य म्हणण्याचे धैर्य आपण हस्तलिखितांकडून उसने आणू नये. आणि हातातला धोंडा खाली टाकण्यासाठी योहानाच्या सहीची वाटही पाहू नये.

श्रद्धावान माणूस यावर म्हणेल, तुम्हाला हे सोपे आहे. मला मात्र ते शब्द प्रभूच्या मुखातून आले की नाही, यानेच सारा फरक पडतो. हे दुःख खरे आहे, आणि त्याची थट्टा करू नये. त्याला एवढेच सांगता येईल, की गोष्ट योहानाने लिहिली नाही म्हणून ती घडलीच नाही असे सिद्ध होत नाही. ती जुनी आठवण असू शकेल. ज्या मंडळींनी तिला ग्रंथात ठेवून घेतले, त्यांना तिच्यात आपल्या गुरूचा आवाज ऐकू आला होता. आजची बहुतेक भाषांतरे ही गोष्ट छापतात, पण तिला कंस घालतात किंवा खाली टीप देतात. मला हा तोडगा मोठा सभ्य वाटतो. पाहुण्याला हाकलून द्यायचे नाही, आणि तो घरातच जन्मला असेही सांगायचे नाही.

शेजारच्या घरातला हा हिशेब पाहून आपण गालातल्या गालात हसण्याचे कारण नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभिले आणि १९६६ साली ते पुरे झाले. त्या आवृत्तीत व्यासांचा लेखनिक झालेला गणपती मूळ संहितेत नाही, परिशिष्टात आहे. द्यूतसभेत द्रौपदीने श्रीकृष्णाचा केलेला धावाही सभापर्वाच्या संहितेत उरला नाही. वस्त्रे निघत राहतात, ती कोण पुरवितो ते सांगितलेले नाही. कित्येकांना याचे वाईट वाटले. पण म्हणून कीर्तनातली द्रौपदी हाक मारायची थांबली नाही. आपल्या नाथांनीही ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ काढून शके १५०६ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. ज्ञानदेवांवर त्यांच्याइतके प्रेम कोणाचे होते? प्रेम होते म्हणूनच त्यांना भेसळ सोसवली नाही.

एक गोष्ट सांगून हे लांबलेले निरूपण आवरते घेतो. चारही शुभवर्तमाने चाळली तर येशूने काही लिहिल्याचा उल्लेख एकाच ठिकाणी सापडतो, आणि तो या बारा वचनांत आहे. ज्या मजकुराविषयी तो मुळात लिहिलेला होता की नाही असा वाद आहे, त्यातच तो लिहिताना दिसतो. मातीत काय लिहिले ते कोणी नोंदविलेले नाही. वाऱ्याने ते केव्हाच पुसले असेल. भोवतीच्या माणसांनी मात्र ते पुसले जाण्याच्या आत हातातले धोंडे टाकले आणि ती घरोघर गेली.